अहिल्यादेवी : ज्या वेळचं काम त्या वेळी

॥ श्रीसद्गुरुनाथाय नमः ॥



समोर आलेल्या क्षणात पूर्णपणे असावं, हा अभ्यास सद्गुरूंनी आपल्याला दिला आहे. पण आपलं मन कालच्या बोलण्यात अडकतं, नाहीतर उद्याच्या काळजीत. संसार सांभाळून, दुःख सोसून हे जमतं का, असा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. म्हणून आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं चरित्र आठवूया. इंदूरच्या मंडळींना तर त्या घरच्याच!

त्यांचा जन्म १७२५ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावी, माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. लहान वयातच त्या होळकरांची सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती निघालेल्या सुनेला सासरे मल्हाररावांनी विनवून मागे फिरवलं आणि कारभारात घातलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. राज्याचा भार अहिल्यादेवींवर आला. फौज तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरला बसून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं.

त्यांचा दिवस कसा जाई, हे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या पश्चात माहिती गोळा करून लिहून ठेवलं आहे. सूर्योदयाच्या तासभर आधी उठून पूजा-अर्चा. मग पोथीश्रवण, दानधर्म, अन्नदान. त्यानंतर स्वतःचं साधं जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. तक्रार घेऊन आलेल्याचं म्हणणं त्या स्वतः ऐकत. मग पुन्हा उपासना, थोडा फराळ. रात्री नऊ ते अकरा परत राज्याचं काम, मग झोप.

बघा, पूजेच्या वेळी दरबार नाही आणि दरबाराच्या वेळी जप नाही. समोरच्या गरिबाचं गाऱ्हाणं नीट ऐकणं हीच त्या वेळची उपासना. राज्य शंकराचं, आपण फक्त सांभाळणारे, हा त्यांचा भाव होता. त्यामुळे प्रत्येक तासाचा हिशेब देवाला द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कोणी काय म्हणेल याचं ओझं नाही. एकाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडायला सांगितला. विषय तिथेच संपला.

पण क्षणात राहणं म्हणजे मन दगड करणं नव्हे, हेही त्यांच्याकडूनच शिकावं. उतारवयात नातू गेला, पाठोपाठ जावई यशवंतराव फणसे गेले. एकुलती लेक मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनवलं, पण लेक थांबली नाही. चितेजवळ अहिल्यादेवींना दोघांनी धरून ठेवावं लागलं, इतका त्यांचा आक्रोश होता. नंतर तीन दिवस त्यांनी धड अन्न घेतलं नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या तीन दिवसांत त्यांनी राजेपणाचा आव आणला नाही, ज्ञान सांगितलं नाही. त्या फक्त आई होत्या. मग सावरून त्यांनी गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ सुंदर वास्तू उभारायला घेतली आणि पुन्हा कामाला लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

काशी, गया, सोमनाथ इथली त्यांची मंदिरं आपण पाहतो, हात जोडतो. पण एवढं सगळं उभं राहिलं ते रोजच्या या साध्या शिस्तीवर. रडायची वेळ आली तेव्हा त्या रडल्या, ऐकायची वेळ आली तेव्हा त्यांनी ऐकलं. आपल्याकडून राहून जातं ते नेमकं हेच. जप चालू असताना डोक्यात भाजीचा हिशेब असतो आणि घरातलं कोणी मन मोकळं करत असतं तेव्हा आपले डोळे मोबाइलवर.

तेव्हा या आठवड्यात एक करूया. घरातलं माणूस बोलायला आलं, की हातातलं बाजूला ठेवून त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. मध्ये सल्लासुद्धा द्यायचा नाही. आणि जपाला बसलो, की जपच. दिवसातून एकदा जरी हे जमलं, तरी ती सेवा सद्गुरूंना पोचली असं समजूया.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥