सोडावॉटर, प्राणवायू आणि मुळा-मुठा

पोट फुगले की सोडा पिणारे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात नेहमी भेटतात. ढेकर येतो, घटकाभर हलके वाटते. पण अपचन बरे होत नाही, उलट बाटलीतला वायू पोटातल्या वायूत भर घालतो. पाण्यात असा वायू मिसळण्याला वायुमिश्रण म्हणतात. कोणता वायू आणि कशासाठी, यावर त्याचा उपयोग ठरतो. हे समजण्यासाठी जोसेफ प्रीस्टली यांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

प्रीस्टली यांचा जन्म १७३३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स शहराजवळ झाला. आई लहानपणीच वारली. आत्याने त्यांना वाढवले. बोलताना ते अडखळत, तरी धर्मोपदेशक झाले. १७६७ मध्ये ते लीड्सला राहायला आले. घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर जळती काडी धरली की विझे. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्यांनी पिंपाच्या तोंडाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतून पाहिले. पाण्याला छान आंबूस चव आली. पुढे खडू आणि गंधकाम्ल यांपासून हा वायू तयार करून पाण्यात मिसळण्याची रीत त्यांनी १७७२ मध्ये छापली. लांबच्या सफरीत खलाशांना होणारा स्कर्व्ही या पाण्याने टळेल, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. त्यावर लिंबू-संत्रे चालते, सोडा नाही. सोडावॉटरवर पैसा दुसऱ्यांनी कमावला.

पण हवा कशाने बिघडते आणि कशाने सुधारते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मेणबत्ती जळून निकामी झालेल्या हवेत त्यांनी पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. निघालेल्या वायूत ज्योत झगझगीत जळाली. पुढे त्यात उंदीरही साध्या हवेपेक्षा जास्त वेळ जगला. हाच ऑक्सिजन. स्वीडनच्या शील यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला होता. त्याचा खरा अर्थ लाव्हाझिए यांनी लावला. प्रीस्टली यांनी तो अखेरपर्यंत मानला नाही.

त्यांची धार्मिक आणि राजकीय मते अनेकांना खुपत. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावाने त्यांचे घर, ग्रंथ आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. १७९४ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथेच १८०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना सापडलेला हा दुसरा वायू आज सांडपाण्याच्या शुद्धीकरणात मोलाचा आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. सांडपाणी मिसळले की घाण खाणारे जिवाणू तो झपाट्याने संपवतात. मग मासे गुदमरतात, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढून सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा लोणी काळभोरच्या बाजूने पुढे जाते, तेव्हा काठच्या गावांना हा वास ओळखीचा असतो. पाण्यावरचा फेस पाहून पाणी खेळते आहे, असे समजू नये. साबण-डिटर्जंटमुळेही असा फेस येतो. दाट जलपर्णीही हवा आणि पाणी यांच्यामध्ये आड येते.

यावरचा उपाय नदीत येण्याआधीच करावा लागतो. शुद्धीकरण केंद्रातील टाक्यांत सांडपाण्यात जोराने हवा सोडतात. ऑक्सिजन मिळालेले जिवाणू घाण खातात, त्यांचा गाळ तळाशी बसतो. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. मात्र हवा घालायला वीज लागते. पंखे आणि ब्लोअर बंद राहिले, तर टाकी बांधूनही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवा खेळवल्याने पाण्याचा वास जातो, बोअरच्या पाण्यातले लोह साका होऊन खाली बसते. पण कावीळ, अतिसार, टायफॉइड यांचे जंतू मरतीलच असे नाही. नदीकाठच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नितळ दिसले, तरी पिण्याआधी उकळावे किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालावे.