कैलाशचंद्र महिंद्रा: जीप भारतात आणणारा माणूस, आणि मोठ्या टायरचं गणित

रीलमध्ये उंच टायरवाली जीप दिसली की आपलाही हात आपोआप लाईकवर जातो. विरारच्या माझ्या एका मित्राने त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं. जुनी जीप घेतली आणि आठवड्याभरात तिला ३१ इंची टायर बसवले. गाडी दिसायला जबरदस्त! पण जव्हारच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये मान टाकायला लागली. पहिल्या-दुसऱ्यातच चढायचं, क्लचचा वास वेगळाच. इंजिन तर ठणठणीत होतं. मग बिघडलं काय?

याचं उत्तर शोधताना मी जीपच्या इतिहासात शिरलो आणि एका माणसाच्या आयुष्यापाशी पोहोचलो. चला, आज दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊया.

लुधियाना ते वॉशिंग्टन

कैलाशचंद्र महिंद्रा यांचा जन्म १८९४ मध्ये लुधियानात झाला. नऊ भावंडं होती. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी थोरल्या जगदीशचंद्रांवर आली. हे जगदीशचंद्र मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले, म्हणजे आपल्यातल्या कित्येक इंजिनिअर्सचे सीनिअरच म्हणा. शिक्षणानेच घर वर येईल हे त्यांनी ओळखलं आणि धाकट्या भावंडांना शिकवलं. कैलाशचंद्र लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात आणि नंतर थेट केंब्रिजला शिकले.

परत आल्यावर त्यांनी कोलकात्याच्या मार्टिन कंपनीत काम केलं. तिथले मोठे उद्योजक राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. दुसरीकडे जगदीशचंद्र टाटा स्टीलमध्ये विक्रीचं काम बघत होते. दोघांच्याही नोकऱ्या चांगल्या चाललेल्या.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये कैलाशचंद्रांना भारताच्या खरेदी मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेला पाठवलं गेलं. तिथे त्यांची भेट बार्नी रूस या इंजिनिअरशी झाली. विलिस कंपनीच्या जीपमधलं २.२ लिटरचं, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन याच रूस यांनी घासूनपुसून तयार केलं होतं.

जीप तेव्हा युद्धाची गाडी होती. कैलाशचंद्रांना मात्र तिच्यात भारतातले रस्ते दिसले. खरं तर न झालेले रस्ते! नदीतून, चिखलातून, डोंगरातून जायचं तर मऊ सीटची मोटार कामाची नव्हती.

भागीदार गेला, नाव राहिलं

१९४५ मध्ये दोघं भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. कैलाशचंद्र तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. या वयात लोक निवृत्तीचा हिशोब मांडतात, हे नवा धंदा मांडत होते.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. विचार करा, नुकतीच उभी राहिलेली कंपनी आणि तिच्या पाटीवरचं अर्धं नाव दुसऱ्या देशात! १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. एम अँड एम ही अक्षरं तेवढी तशीच राहिली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारने कोळसा खाणींसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही कैलाशचंद्रच होते. तरीही जीपचा विषय त्यांनी सोडला नाही. अमेरिकेतून सुट्ट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि मुंबईत माझगावला गाडी जोडली जायची. विरारहून लोकलने भायखळ्याकडे जाणाऱ्यांनो, ते माझगाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

युद्धाची जीप आणि शेताची जीप

आता येतो आपला टेक्निकल भाग. युद्ध संपल्यावर विलिसने सीजे नावाची नागरी जीप काढली. बाहेरून पाहिलं तर तीच गाडी, टायरही त्याच ६.००-१६ मापाचे. पण अ‍ॅक्सलच्या आत एक मोठा बदल होता.

अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यात दोन मुख्य गिअर असतात: प्रोपेलर शाफ्टला जोडलेला छोटा पिनियन आणि त्याला लागून फिरणारा मोठा क्राउन. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की मिळतो अ‍ॅक्सल रेशो.

युद्धातली जीप: ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८.
नागरी जीप: ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८.

५.३८ म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. गाडी थोडी हळू धावते, पण चाकावर सुमारे १० टक्के जास्त जोर येतो. सैनिकाला वेग हवा होता, शेतकऱ्याला नांगर आणि ट्रॉली ओढायची होती. इंजिन तेवढंच ठेवून रेशो बदलला आणि गाडीचं काम बदललं. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण मागची मोठी चकती निवडतो ना? अगदी तेच.

मोठा टायर नेमकं काय करतो?

मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो. म्हणजे गिअरला हात न लावताही तुम्ही रेशो बदललेला असतो, तोही उलट्या दिशेने!

मित्राच्या जीपचा रेशो ५.३८. जुना टायर साधारण २८ इंच, नवा ३१ इंच.

५.३८ × २८ ÷ ३१ = सुमारे ४.८६

बघा गंमत. शेतातल्या कामासाठी विलिसने जो जोर वाढवला होता, तो मित्राने फक्त टायर बदलून घालवला. जीप पुन्हा युद्धाच्या रेशोवर आली, वर टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. बदल्यात मिळालं काय? टायर ३ इंच मोठा झाला तरी अ‍ॅक्सलची जमिनीपासूनची उंची फक्त दीड इंच वाढते. आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असेल तेव्हा गाडी खरं तर ६६ ने धावत असते. हायवेवर हा फरक जिवावर बेतू शकतो.

मग रेशो बदलायचा कसा?

सूत्र सोपं आहे: नवा रेशो = जुना रेशो × नवा टायर ÷ जुना टायर.

समजा गाडीचा रेशो ४.१० आहे आणि टायर २९ वरून ३३ इंच केला. उत्तर येतं ४.६७. बाजारात ४.५६ आणि ४.८८ चे क्राउन-पिनियन सेट मिळतात. हायवे जास्त असेल तर पहिला, घाट आणि चिखल जास्त असेल तर दुसरा.

पण या गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

१. फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल सारख्याच रेशोचे हवेत. मित्र पैसे वाचवायला फक्त मागचा बदलणार होता. तसं केलं असतं तर फोर व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडली असती आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटला असता.

२. क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे नुसते नट-बोल्ट आवळणं नाही. पिनियनची खोली, दातांमधली फट आणि बेअरिंगचा ताण मोजून, दातांना रंग लावून ठसा तपासावा लागतो. चूक झाली तर आधी गुणगुण ऐकू येते, मग दात जातात.

३. रेशो जितका वाढवाल तितका पिनियन लहान आणि नाजूक होतो.

४. मोठ्या टायरमुळे ब्रेकवर ताण येतो. रेशो बदलून तो कमी होत नाही.

५. कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात आणि विम्याचा क्लेमही अडू शकतो. आधी आरटीओत विचारा.

शेवट

१९५१ मध्ये जगदीशचंद्र गेले आणि कंपनीची धुरा कैलाशचंद्रांकडे आली. आयात भाग जोडण्यापासून भाग इथेच बनवण्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या काळात सुरू झाला. शिक्षणाने आपलं घर वर आलं हे ते विसरले नव्हते. १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला, तो आजही शिष्यवृत्त्या देतो. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी आणलेल्या जीपचे वंशज मात्र पालघरच्या पाड्यांपर्यंत पोहोचले.

मला त्यांच्या गोष्टीतलं एकच पटतं. जीप दिसते कशी हे त्यांनी पाहिलं नाही, ती इथल्या रस्त्यावर काय काम करेल ते पाहिलं.

आणि माझा मित्र? त्याच्या जीपला ३१ इंची टायरसाठी ५.९६ चा रेशो लागला असता. असा तयार सेट त्याला कुठे मिळाला नाही. त्याने मोठे टायर विकले, जुने ६.००-१६ परत बसवले. गेल्या पावसात तीच जीप जव्हारचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली, आणि मागच्या सीटवर मी होतो.

तुम्ही टायर बदलायच्या विचारात असाल तर आधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. दोन मिनिटांचं गणित आहे, हजारो रुपये वाचतील!