बेघरांचा वाली : गाडगेबाबा

दिंडी नेसरीची असो की आणखी कुठल्या गावची, पंढरीत पोचलं की पहिला प्रश्न एकच असतो. आता उतरायचं कुठं? ज्याचा मठ आहे तो मठात जातो, ज्याच्या गाठीला पैसा आहे तो भाड्याची खोली बघतो. उरलेल्यांनी काय करायचं? ते वाळवंटात नाहीतर कुणाच्या ओट्यावर पाठ टेकतात. या उरलेल्यांसाठी ज्यांनी आपला देह झिजवला, त्या गाडगेबाबांची आठवण दिंडीच्या शतकात केलीच पाहिजे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. दारूपायी वडील लवकर गेले. आई पोराला घेऊन दापुऱ्याला भावाकडं आली. डेबूजी मामाच्या शेतात राबला. पण सावकारी कर्जात मामाची चांगली जमीन गेली. राबणाऱ्याच्या पायाखालची भुई कशी सरकते, हे त्यानं लहान वयातच बघितलं.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात मातीचं गाडगं आणि खराटा. रात्री झाडाखाली, कुणाच्या वळचणीला. कुणी भाकरी दिली, कुणी हाकलून लावलं. डोक्यावर छप्पर नसणं म्हणजे काय, हे बाबांना पोथीतून कळलं नव्हतं. ते त्यांनी अंगावर काढलं होतं.

पुढं बाबांची कीर्तनं गावोगाव गाजली. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. लोक पैसा द्यायला लागले, पण बाबांनी त्यातला स्वतःला ठेवला नाही. त्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, जिथं गरीब माणूस यात्रेला येतो आणि उघड्यावर पडतो, तिथं बाबांनी छप्पर घातलं. देवळाला कळस चढवण्याआधी माणसाला निवारा पाहिजे, ही त्यांची साधी समजूत होती.

त्यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आपण नीट समजून घ्यावी. ती १९२० च्या सुमारास उभी राहिली. त्या काळी अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात जाता येत नव्हतं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडलं १९४७ साली. देवळात जागा नाही आणि गावातही थारा नाही, अशा माणसानं आषाढीच्या पावसात निजायचं कुठं? बाबांनी बघितलं, की नुसती धर्मशाळा बांधून भागत नाही. दार कुणाला बंद आहे ते आधी शोधावं लागतं. म्हणून त्यांनी त्याच माणसासाठी हक्काची जागा केली आणि तिला चोखोबांचं नाव दिलं. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण बाबा स्वतः झोपडीत नाहीतर झाडाखालीच राहिले. बायकापोरांचा, नातेवाइकांचा कशावरही हक्क ठेवला नाही. घरचा माणूस एकदा आत शिरला की परक्याची जागा कमी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यात्रेच्या गावांवरच बाबा थांबले नाहीत. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात दूरदूरच्या गावांतून पेशंट यायचे. पेशंटला खाट मिळायची, पण सोबतचा माणूस फूटपाथवर पडायचा. त्यांच्यासाठी हॉस्पिटलजवळ धर्मशाळा झाली. शहरात घर म्हणजे चार भिंती एवढंच नव्हे. जिथं गरज आहे तिथंच ती जागा पाहिजे, चूल मांडायला, धुणंपाणी करायला सोय पाहिजे आणि आत येणाऱ्याला मान पाहिजे. हे बाबांनी शाळा न शिकता ओळखलं. १९५२ साली त्यांच्या नावानं मिशन सुरू झालं आणि पुढं ते काम चालू राहिलं.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. स्वतःचं म्हणून एक घर त्यांच्या नावावर नव्हतं.

मंडळी, बाबांच्या तसबिरीला हार घालणं सोपं आहे. मुक्कामाच्या शाळेत, तंबूत आपली पथारी पडली की दाराशी कोण उभा राहिलाय ते बघावं. एकटी म्हातारी असेल, दिंडीतून चुकलेला असेल, वारीत भीक मागणारा असेल. त्याची जात, गाव न विचारता जरा सरकून बसावं. गाडगेबाबांची सेवा ती तिथंच सुरू होते.