आकाशाला बाबा म्हणणारा शब्द



आजच्या वाचनात ऋग्वेदातलं द्यावापृथिवी सूक्त आलं. आकाश पिता, पृथ्वी माता. 'द्यौष्पिता' या शब्दापाशी थांबलो आणि मॅक्स म्युलर आठवले.

त्यांचा जन्म 1823 चा, जर्मनीतल्या डेसाऊ गावचा. वडील विल्हेल्म कवी होते. मॅक्स चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा ते गेले. लाइपझिगला मॅक्सने संस्कृत शिकायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये ब्यूर्नूफ या गुरूंनी ऋग्वेदाची गोडी लावली. मग इंग्लंड गाठून त्यांनी सायणभाष्यासह अख्खा ऋग्वेद छापून काढला. सहा खंड, 1849 ते 1874. पंचवीस वर्षं! मधे 1860 ला ऑक्सफर्डमधलं संस्कृतचं प्राध्यापकपद हुकलं, पण काम थांबलं नाही.

संस्कृत द्यौष्पिता, ग्रीक झ्यूस पातेर, लॅटिन ज्युपिटर. तिन्ही मुळात एकच! हे नातं आधीही अभ्यासकांना दिसलं होतं, पण म्युलरना तो आपल्या शतकातला सर्वांत मोलाचा शोध वाटायचा. मूळ शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही. भाषातज्ज्ञ या लेकी-भाषा ताडून तो 'द्येउस्' असा उभा करतात. अर्थ, उजळलेलं आकाश. आपले 'देव' आणि 'दिवस' याच घरातले.

म्युलरांचं सगळंच मला पटत नाही. हिंदुस्थान ख्रिस्ती व्हावा, असं त्यांना वाटे. पण लोकमान्य टिळक तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर म्युलरांनी सही केली, आणि 1898 मध्ये टिळक सुटले. ज्या देशाच्या वेदासाठी आयुष्य वेचलं, तो देश मात्र त्यांनी कधीच पाहिला नाही. 1900 मध्ये ते ऑक्सफर्डला वारले.

बाबा गेले तेव्हा मी काही महिने प्रार्थनाच सोडली होती. हाक मारायची कुणाला, तेच कळेना. आज वाटलं, लहानपणीच पोरक्या झालेल्या त्या मुलाने जन्मभर जपलेल्या ग्रंथात ही हाक होतीच की! आपल्याही आधी हजारो वर्षं माणसं वर बघून ती मारत आली.

उद्या सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी खिडकीत उभे राहा. इमारतींमधून दिसेल तेवढंच आकाश पाहा आणि मनात एकदा 'बाबा' म्हणा. उद्याच्या वाचनात भेटूच.

हरि ॐ!