विल्यम कॅरी

विल्यम कॅरी (१७ ऑगस्ट १७६१ – ९ जून १८३४) हे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी, भाषांतरकार आणि बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) महाविद्यालयाचे एक संस्थापक होते. हे श्रीरामपूर हुगळीकाठचे. नगर जिल्ह्यातील नव्हे.

नॉर्दॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यात एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. जोडे शिवण्याचा धंदा करीत त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या धर्मोपदेशकाने पुढे धर्मोपदेशकांसाठी महाविद्यालय काढावे, हे विशेषच होय.

१७९३ मध्ये ते बंगालमध्ये आले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने १८०० मध्ये ते डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे स्थायिक झाले. जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तेथील त्यांचे सहकारी. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश (१८१०) ही त्या अध्यापनाची फळे. वैद्यनाथ पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले.

या देशात ख्रिस्ती धर्माचा प्रसार एतद्देशीय उपदेशकांकडूनच होईल, असे कॅरींचे मत होते. त्यासाठी १८१८ मध्ये तिघांनी श्रीरामपूर महाविद्यालय स्थापन केले. ते केवळ पाद्री घडविणारी शाळा नव्हते. कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश होता. भावी धर्मोपदेशकाला बायबलबरोबर संस्कृत, हिंदू धर्मग्रंथ आणि पाश्चात्त्य विज्ञानही शिकावे लागे. ज्यांना उपदेश करावयाचा त्यांची विद्या ठाऊक नसेल, तर उपदेश पोकळ ठरेल, हा त्यामागील विचार होता.

हा विचार सर्वांना रुचला नाही. वॉर्ड यांनी अमेरिकेत जमविलेल्या निधीतील पैसा विज्ञानशिक्षणावर खर्च होऊ नये, अशी अट तेथील देणगीदारांनी घातली. कॅरींना ती अनुदार वाटली व तसे त्यांनी स्पष्टपणे कळविले. मालमत्ता व अधिकार यांवरून लंडनच्या मातृसंस्थेशीही वाद वाढत गेला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर मिशन तिच्यापासून वेगळे झाले.

त्याच वर्षी डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार सनदेद्वारे दिला. १८४५ मध्ये श्रीरामपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी ही सनद अबाधित राहिली. मात्र तिच्या आधारे ईश्वरविद्येची पहिली पदवी १९१५ मध्ये, कॅरींच्या निधनानंतर ८१ वर्षांनी, प्रदान करण्यात आली.