डॉ. ल्यूसी विल्स : मातांच्या रक्तक्षयाचे मूळ शोधणारी विदुषी

ज्या बाईंचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्या इंग्लंडात जन्मल्या व इंग्लंडातच निवर्तल्या. परंतु त्यांच्या हातून जे मोठे कार्य घडले, ते मुंबईच्या गरीब गरोदर स्त्रियांच्या खाटेपाशी घडले. त्या कार्याचे फळ आज आपल्या खेड्यापाड्यांतील घराघरांत पोहोचले आहे. म्हणून ते कोणी व कसे मिळविले हे आपणांस ठाऊक असणे योग्य होय.

ल्यूसी विल्स ह्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिज येथील न्यूनम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्यांचा अभ्यास करून १९११ साली तो पुरा केला. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे काही काळ त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि मग वैद्यकीय शिक्षण घेण्याचा निश्चय करून त्या लंडनच्या स्त्रियांकरिता असलेल्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही; लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात संशोधन व अध्यापन हेच काम त्यांनी पत्करले.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्या वेळी गिरणीकामगार वर्गातील पुष्कळ स्त्रिया गरोदरपणी एका घोर रक्तक्षयाने ग्रस्त होत. अंग पांढरेफटक पडे, चार पावले चालताच दम लागे, आणि कित्येकींचा बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर अंत होई. हे त्यांच्या नशिबीच आहे असे समजून घरची माणसे स्वस्थ बसत.

विल्सबाई स्वस्थ बसल्या नाहीत. निरनिराळ्या जातिधर्मांच्या व निरनिराळ्या ऐपतीच्या स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात, ह्याची त्यांनी बारकाईने चौकशी केली. तेव्हा असे दिसून आले की, ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुसलमान स्त्रियांत हा रोग अधिक होता. दोष गर्भात नसून ताटात असावा, असा संशय त्यांस आला. मग त्यांनी उंदरांस तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा एक वेगळाच रोग मध्ये आला व त्या प्रयोगांचा निर्णय संशयास्पद ठरला. तेव्हा त्यांनी माकडांवर प्रयोग केले. मार्माइट नावाचा यीस्टचा एक स्वस्त अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. तो देताच आजारी माकडे झपाट्याने सुधारली. पुढे तोच अर्क आजारी स्त्रियांस दिला असता थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगात नवे रक्त भरू लागले. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर प्राण्यांच्या काळजाचा शुद्ध केलेला अर्क गुणकारी ठरला होता. पण मुंबईच्या ह्या स्त्रियांस त्याने गुण येईना. काळजाचा कच्चा अर्क किंवा यीस्टचा अर्क दिला म्हणजे मात्र गुण येई. ह्यावरून विल्सबाईंनी अनुमान काढले की, अन्नात आणखी एखादे अज्ञात जीवनसत्त्व असले पाहिजे. ते अनुमान खरे ठरले. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या भाजीतून ते द्रव्य वेगळे काढले व लॅटिन भाषेत पानास जो शब्द आहे त्यावरून त्यास फोलिक आम्ल असे नाव दिले. पुढे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, जेथे आंध्र देशीचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, ते कृत्रिम रीतीने तयार झाले.

ह्या जीवनसत्त्वाचे काम काय? आपल्या हाडांतील मगजात रक्ताच्या तांबड्या पेशी अहोरात्र तयार होत असतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना ह्या द्रव्याची गरज लागते. ते कमी पडले म्हणजे पेशी मोठ्या पण अपक्व राहतात व रक्त उणे होते. गरोदरपणी गर्भही वाढत असतो, म्हणून गरज अधिक. लोह हे खनिज मात्र निराळे काम करते. रक्तास तांबडेपणा देणारे व श्वासातील प्राणवायू सर्व अंगात वाहून नेणारे जे द्रव्य, ते लोहावाचून होत नाही. ह्यांपैकी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्सबाईंनी लंडनमध्ये गरोदर स्त्रियांस लोह देऊन त्याचाही उपयोग तपासला.

१९४७ साली त्या रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. तरी फिजी बेटे व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहाराविषयीचे संशोधन चालूच ठेविले. त्या अविवाहित होत्या. राहणी साधी, मोटारीपेक्षा सायकल त्यांस प्रिय असे. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागून, १९९१ साली, आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: ज्या मातेस पूर्वी पाठीच्या कण्यात अथवा मेंदूत व्यंग असलेले मूल झाले असेल, तिने गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्ल घेतल्यास पुन्हा तसे व्यंग होण्याचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतो.

वाचकहो, आज सरकारी उपकेंद्रातून गरोदर स्त्रीस जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस ती घ्यावयाची असते. पुष्कळ घरी ती फडताळात पडून राहते. गोळीने मूल काळे होते किंवा फार मोठे होऊन अडते, असे सासवा सांगतात. हे खरे नव्हे. शौचास काळे होते व कधी मळमळते, पण त्यात भय नाही. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. गोळीबरोबर चहा मात्र घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू अथवा आवळा त्यास साहाय्य करतो.

गोळीबरोबर ताटही सुधारले पाहिजे. मेथी, पालक, माठ, हरभरा, मूग, चवळी, भुईमूग ही द्रव्ये आपल्याच शेतात पिकतात. पालेभाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून देऊ नये, कारण त्या पाण्याबरोबर हे जीवनसत्त्वही जाते. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते सुनेने खावे, ही रीत आपल्यात अजून आहे. विल्सबाईंनी मुंबईत जे पाहिले त्यावरून ह्या रीतीची किंमत किती मोठी असते हे कळते. ज्या घरी गरोदर स्त्री आहे, त्या घरी तिचे ताट पहिल्याने वाढावे, इतकेच आमचे सांगणे आहे.