दापोलीचा पेन्शनर आणि त्याची लेखणी

सिंधुदुर्गाचे नाव निघाले की मराठी साहित्याचे अभ्यासक लगेच बोटे मोजू लागतात. वेंगुर्ल्याचे खानोलकर आणि पाडगावकर, आरवलीचे दळवी, देवगडच्या धालवलीचे विंदा करंदीकर. या मोठ्या नावांबद्दल आमची तक्रार नाही. पण मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बौद्धवाड्यांत आजही अशी पोरे आहेत, जी रात्री वहीत काहीबाही लिहितात आणि सकाळी ती वही ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवतात. आपण लिहिले तर छापणार कोण, छापले तर वाचणार कोण, आणि वाचून लोक हसले तर? या पोरांना कुणीतरी गोपाळबाबा वलंगकरांची गोष्ट सांगायला हवी. चळवळीच्या भाषणांत बाबांचे नाव येते, हार घातला जातो आणि वक्ता पुढे जातो. माणूस मात्र तिथेच राहतो.

गोपाळबाबांचा जन्म 1840 च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी महार कुटुंबात झाला. त्या काळी कोकणातल्या महाराच्या पोराला गावकीच्या बेगारीतून सुटायचा एक मोठा दरवाजा होता, तो म्हणजे इंग्रजांची पलटण. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणचे महार मोठ्या संख्येने होते. पलटणीत पोट भरत होतेच, पण त्याहून मोठी गोष्ट तिथे मिळत होती, ती म्हणजे अक्षर. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळा फौजेत होत्या. गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो पलटणीत पाटीवर अक्षरे गिरवत होता. मनुवादी समाजरचनेला पडलेले हे भगदाड केवढे मोठे होते, याचा अंदाज त्या वेळी फार थोड्यांना आला असेल.

1886 साली गोपाळबाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. दापोलीला आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात. ती जुनी लष्करी छावणी, आणि तिच्या आसपास आपल्या पेन्शनरांची मोठी वस्ती. आज सिंधुदुर्गात असलेले मालवण आणि वेंगुर्ले तेव्हा दापोलीसारखेच रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 साली. तेव्हा आमच्या मालवणी मुलखातल्या पोरांनी गोपाळबाबांना परक्या मुलखाचे समजण्याचे कारण नाही.

आता विचार करा. चाळिशी ओलांडलेला माणूस. दरमहा पेन्शन येते. वस्तीत मान आहे. दारात बसून हुक्का ओढत पलटणीच्या गोष्टी सांगितल्या असत्या तरी आयुष्य सुखाने गेले असते. त्याऐवजी गोपाळबाबांनी लेखणी उचलली. क्रांतिसूर्य महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांनी ते भारावले होते. 1888 साली त्यांनी विटाळ विध्वंसक ही पुस्तिका लिहिली. तिचा थाट विनंतीचा नव्हता, जाब विचारण्याचा होता. शास्त्रांचे आणि धर्माचे ठेकेदार म्हणवणाऱ्यांपुढे त्यांनी प्रश्नांमागून प्रश्न ठेवले. विटाळ आला कुठून, तो कुणाच्या सोयीसाठी टिकवला गेला, आणि एका माणसाच्या स्पर्शाने दुसरा माणूस बाटतो तरी कसा? ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, त्यांच्यातला एक जण थेट शास्त्रालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करत होता.

पण एकट्याच्या लेखणीला वाट कुठून मिळायची? अस्पृश्यांचे स्वतःचे वर्तमानपत्र तेव्हा हाताशी नव्हते. गोपाळबाबांनी दोन दरवाजे ठोठावले. एक दीनबंधूचा. हे सत्यशोधकांचे पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केले होते आणि 1880 पासून नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईहून चालवत होते. दुसरा दरवाजा आगरकरांच्या सुधारकाचा. या दोन्ही पत्रांतून गोपाळबाबा लिहीत राहिले. दापोलीतून टपालाने कागद जायचा आणि छापून यायचा. आज एका दिवसात दहा ठिकाणी मजकूर पाठवणाऱ्यांनी त्या टपालाच्या वाटेची कल्पना करावी! दुसऱ्याच्या पत्रात लिहिताना संपादकाची मर्जी सांभाळावी लागते, जागा मिळेल तेवढीच घ्यावी लागते. तरी त्यांनी ते केले.

आणि ते एकटे राहिले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. दापोलीच्या पेन्शनरांना जमवून त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. या नावातच त्यांची भूमिका आहे. आर्यांनी बाहेरून येऊन इथल्या मूळच्या माणसांना जिंकले आणि खाली ढकलले, ही फुल्यांची मांडणी त्यांनी स्वीकारली होती. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी 1946 आणि 1948 सालच्या आपल्या ग्रंथांत ही वंशाची उपपत्ती तपासून नाकारली, हेही इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याने गोपाळबाबांचे मोठेपण कमी होत नाही. प्रश्न विचारणारा पहिला माणूस हातात सापडेल त्या हत्याराने लढतो.

मंडळीला काम लगेच मिळाले, आणि ते फार कडू होते. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढवय्या जमातींचे नवे खूळ लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या डोक्यात शिरले होते. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, ते एका हुकुमाने लढवय्ये राहिले नाहीत. नोकरी गेली आणि तिच्यासोबत पुढच्या पिढीची शाळाही गेली. गावच्या शाळेची अवस्था काय होती? त्याच दशकात दापोलीच्या पेन्शनरांना आपली मुले सार्वजनिक शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज करावे लागले, आणि झगडून पदरात पडली ती शाळेची पडवी. वर्गाच्या बाहेर बसून आतला धडा ऐकायचा!

1894 साली गोपाळबाबांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आपण मूळचे क्षत्रिय, आपल्याला फौजेत घ्या, असा त्याचा रोख होता. काही विद्वान आज या अर्जाला नाक मुरडतात. सरकारपुढे हात पसरणे म्हणतात, क्षत्रियत्वाचा हव्यास म्हणतात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ज्याची चूल सरकारी पेन्शनवर पेटते त्याने त्याच सरकारला लेखी जाब विचारायला काय छाती लागत असेल? बंदी उठली नाही. पहिल्या महायुद्धात 1917 साली गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली गेली आणि 1921 साली मोडलीही गेली. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडले.

1895 साली सरकारने गोपाळबाबांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमले. एक महार बरोबरीने बैठकीला बसणार म्हणताच सवर्ण सभासदांचा तिळपापड झाला. ज्या मुलखात त्यांचा जन्म झाला, तिथेच त्यांना खुर्ची देताना लोकांना घाम फुटला. 1900 साली गोपाळबाबा गेले. भरतीबंदी तशीच होती, आणि पडवीही.

पण कागद मरत नाहीत. त्याच दापोलीत सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ राहिले होते, आणि छोटे भीमराव त्यांच्यासोबत होते. 1943 साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी वडिलांच्या जुन्या कागदांच्या बासनाची आठवण सांगितली. त्यात 1892 च्या भरतीबंदीविरुद्धचा एक अर्ज त्यांना सापडला होता, आणि त्याचा मसुदा न्यायमूर्ती रानड्यांनी केला होता. म्हणजे पेन्शनरांच्या घरोघरी हे कागद लिहिले जात होते, लिहून घेतले जात होते, जपून ठेवले जात होते. 1908 साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी सोमवंशीय मित्र हे पत्र काढले. 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक निघाला. 20 मार्च 1927 रोजी गोपाळबाबांच्याच महाड तालुक्यात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, बहिष्कृत भारतचा पहिला अंक निघाला. कोकणातल्या आपल्या माणसाने लिहिलेला मजकूर आता परक्या संपादकाच्या दारात उभा राहणार नव्हता.